घराच्या वहीतले नाव

सोव्हिएत देशातल्या खारकोवचे पत्र मंगळवारी दुपारी कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत पोचले. १९८३चा ऑगस्ट अर्धा सरला होता. मधुसूदनची दिल्लीची गाडी गुरुवारी चार वाजताची होती आणि दिल्लीहून मॉस्कोचे विमान शनिवारी पहाटेचे. पाकीट वाटेत कोणीतरी उघडून पुन्हा डकवले होते. तिकडून येणारी पाकिटे नेहमी तशीच येत.

लुबाबाईने पत्र दारातच उभ्याने वाचले. तिचे खरे नाव ल्युबोव, माहेरी खारकोवला ल्युबा. सतरा वर्षांपूर्वी ती रुपराव भोयरची बायको म्हणून या मुलखात आली आणि सासूच्या हाताखाली भिवापुरात मराठी शिकली. तिची बोली वसाहतीतल्या पुण्याकडच्या साहेबिणींना समजत नसे. रुपराव पहिली पाळी संपवून कॉलरवर राख घेऊन घरी आला, तेव्हा तिने पत्र त्याच्या हातात दिले आणि पाणी आणायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पत्र मेहुणीचे, तमाराचे होते. रुपराव सहा वर्षे तिकडे शिकला होता, त्याला वाचायला अडचण नव्हती.

"मीत्या येणार म्हणून आई रोज खिडकीत बसते. आम्ही सगळे आनंदात आहोत. लष्करी नोंदणी कार्यालयातला माणूस दोनदा येऊन गेला. फार सभ्य माणूस आहे. मीत्याचे वय त्याला पाठ आहे. कधी येतो विचारत होता, मी ऑगस्टअखेर म्हटले, मला दुसरे काय सुचणार. शेजारच्या वाल्याचा कोल्या मे महिन्यात दक्षिणेतून परत आला. सगळा जिना खाली उतरला होता. वाल्याला त्याचे तोंड पाहू दिले नाही. यंदा सफरचंदे पुष्कळ आहेत."

मीत्या म्हणजे त्यांचा मुलगा मधुसूदन. त्याचा जन्म खारकोवचा, मार्च १९६५चा, आणि तिथल्या दाखल्यावर त्याचे नाव दिमित्री होते.

रुपरावने पत्र दोनदा वाचले. दक्षिण म्हणजे अफगाणिस्तान, हे सांगायला कोणी लागत नव्हते. आणि सीलबंद पेटी आल्याशिवाय आईला पोराचे तोंड पाहायला कोण मनाई करील?

"समजलं ना?" लुबाबाईने दारातून विचारले.

"हाव."

"त्याले कोन सांगन?"

"मी सांगतो. पैले मले नीट इचारून तं येऊ दे."

तिने त्याच्याकडे पाहिले आणि पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

कोणाला काय विचारायचे, हे रुपरावला ठाऊक होते. जे विचारायची भीती वाटत होती, तेही ठाऊक होते. तो तिकडे शिकत असताना त्याच्या खोलीतला एक सोबती तीन वर्षांची लष्करी सेवा करून आलेला होता. तिथे त्यात कोणाला नवल वाटत नसे. सतरावे लागले की पोराची नोंदणी, अठरावे पुरे झाले की बोलावणे. वर्षातून दोन हंगाम, वसंत आणि शरद. पुढे मुदत घटवून दोन वर्षांची केली, नौदलात तीन. पण नोंदणी कुठून होते? पोरगा जिथे राहतो त्या इमारतीच्या वहीतून. प्रत्येक इमारतीला एक वही, त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, आणि त्या वहीवरूनच दरवर्षी सतरा वर्षांच्या पोरांची यादी लष्करी कार्यालयाला जाते.

त्या वहीत मधुसूदनचे नाव अजून होते. ते तिथे ठेवले होते रुपरावने.

१९६६च्या नोव्हेंबरात ते निघाले, तेव्हा सासू वेरा, मेहुणी, ल्युबा, तो आणि दीड वर्षाचे पोर अशी पाच माणसे एका खोलीत राहत होती. वेराचे नाव नव्या घरासाठीच्या यादीत होते. तिथे जागा माणसे मोजून मिळे, माणशी नऊ चौरस मीटर. ही तिघे गेली की मागे राहणार आई आणि एक मुलगी, म्हणजे पुन्हा एकच खोली. वेरा रडत होती. रुपरावने सहज तोडगा काढला. आपल्या दोघांची नावे कापू, पोराचे राहू द्या. माझ्या बापाने भिवापूरच्या रेशन कार्डावर माझे नाव सहा वर्षे तसेच ठेवले, माझ्या वाट्याची साखर महिन्याच्या महिन्याला उचलली, कोणाचे काय बिघडले? इमारतीच्या व्यवस्थापक बाईला भारतीय चहाचे दोन डबे त्यानेच नेऊन दिले. ल्युबा तेव्हा म्हणाली होती की ती वही साखरेसाठी नसते. तो हसला होता. दोन वर्षांनी वेराला दोन खोल्या मिळाल्या, तिथल्या वहीतही पोराचे नाव चढले आणि तिने नव्या खिडकीचा फोटो पाठवला. रुपराव तो फोटो लोकांना दाखवत असे.

बुधवारी सकाळी रजा टाकून तो धंतोलीत आनंदरावांकडे गेला. आनंदराव खोब्रागडे एका प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर रशियन भाषेचे वर्ग घेत. तिकडून आलेली यंत्रांची माहितीपत्रके आणि दाखले भाषांतरित करून देत. साठी उलटलेला माणूस, दोनदा मॉस्कोला जाऊन आलेला. त्या देशाबद्दल कोणी वेडेवाकडे बोललेले त्यांना खपत नसे. रुपरावने पत्र पुढे केले. त्यांनी चष्मा चढवून ते वाचले, पुन्हा घडी केली आणि परत दिले.

"पोट्टा कुठी जन्मला?"

"खारकोवले."

"माय त्याईची नागरिक?"

"आताही आहे."

"मंग पोट्टाही त्याईचाच. तू बाप भारताचा असशीन, त्याच्यापाशी भारताचा पासपोर्ट असंल. त्याईच्या लेखी तो कागद इकडच्या सोयीचा. मॉस्कोले उतरला की तो त्याईचा अठरा वर्षांचा पोरगा, बस."

"पण तो शिकाले जाऊन राहिला जी. मेडिकल. शिष्यवृत्ती आहे. विद्यार्थ्याले सूट असते ना?"

"असते. पण गेल्या सालापासून कोणत्या संस्थेले सूट द्यायची त्याची यादी आखूड केली म्हणतात. ते सोड. तिथं शिकाले कोन चालला? भारताचा मधुसूदन. लष्कराच्या वहीत कोन? दिमित्री. मधुसूदनची सूट दिमित्रीले कशी लागंल?"

रुपराव पुढे सरकला. रात्रभर त्याने जे डोक्यात जुळवले होते, ते त्याने मांडले. भिवापूरच्या शाळेत नाव घालताना आजोबांनी, नत्थूजींनी, जन्मगाव भिवापूर सांगितले होते आणि हेडमास्तरने गावातल्या सगळ्या पोरांसारखी जन्मतारीख एक जुलै टाकली होती, तीही साल पुढे ढकलून, १९६६ची. पासपोर्ट त्याच दाखल्यावर निघाला. शिष्यवृत्तीचा अर्जही त्यावरच. नाव वेगळे, गाव वेगळे, साल वेगळे. मग हा दिमित्री आहे, हे त्यांना कळणार कसे?

आनंदरावांनी चष्मा काढला. "तुही साळी सांगून बसली ना, ऑगस्टअखेर येतो म्हणून. आन् त्याची आजी त्याले पायल्यावर काय म्हनन? नमस्कार मधुसूदनजी?"

रुपरावला हसू आले नाही.

"आपल्या इथं पोट्टे कामठीच्या भरतीले पहाटपासून लाइन लावतात, छाती दोन बोटं कमी भरली तं रडत घरी येतात," आनंदराव म्हणाले. "तिथं तसं नाई. तिथं ते समद्याईचं कर्तव्य असते, मंत्र्याच्या पोराचं असो की शेतावरच्या. मी त्याले वाईट नाई म्हनत. दोन वर्षं चांगलं खाऊ घालतात, शिस्त लावतात. अर्धे पोट्टे तं रस्ते बांधतात, रेल्वे टाकतात."

"आन् बाकीचे अर्धे?"

आनंदराव खिडकीबाहेर पाहू लागले. खाली रिक्षावाला कोणा बाळंतिणीच्या नातेवाइकाशी हुज्जत घालत होता.

"नागरिकत्व सोडाचा अर्ज करता येते," ते म्हणाले. "मॉस्कोले, वरपर्यंत जाते. साल लागन, दोन लागतीन. तोवर पोट्ट्यानं तिकडे पाय ठेवाचा नाई. आन् अर्ज टाकल्यावर त्याले शिष्यवृत्ती राहीन काय, हे मले नको इचारू." मग त्यांनी विचारले, "इतके साल त्या वहीत नाव राहिलंच कसं गा? कोनं ठेवलं?"

"राहून गेलं," रुपराव म्हणाला.

तो बसने परत निघाला. मधुसूदनची नागपूरची मेडिकलची जागा तीन गुणांनी हुकली होती. ही शिष्यवृत्ती आली तेव्हा पोराने आनंदात वसाहतीतल्या सगळ्या घरी पेढे वाटले होते. आता जाऊ नको म्हणायचे, तर का नको ते सांगावे लागणार. का ते सांगायचे, तर वहीपर्यंत जावे लागणार. बस कोराडीच्या फाट्याला पोचली, तोवर रुपरावने सांगायचे काय ते ठरवले होते. ते खरे नव्हते.

घरी शेजारची देवकी आली होती. तिच्या हातात तिखटाची पिशवी होती.

"भिवापुरी आहे," ती मधुसूदनला सांगत होती. "तथी थंडीत नाक गळते म्हनते. चिमूटभर टाकजो. तुह्या आजीले नको देजो पन, नाई तं बुढी खिडकीतून उडी मारन."

"काकू, तिथं कस्टमवाले इचारतीन हे काय म्हणून."

"मंग त्याईलेही चाखव."

मधुसूदन हसत होता. लुबाबाई ट्रंकेत स्वेटर ठेवत होती, घडी मोडत होती, पुन्हा ठेवत होती. देवकी गेल्यावर रुपराव खुर्चीवर बसला.

"मधू, तार आली आज ऑफिसात. दिल्लीहून. यंदाचे प्रवेश थांबवले म्हनते. पुढच्या साली जा लागन."

मधुसूदन त्याच्याकडे बघत राहिला. "कोनाची तार?"

"शिष्यवृत्तीवाल्याईची."

"मले काहून नाई पाठवली? अर्जावर पत्ता घरचा आहे."

"आता त्याईले कोन इचारन?"

"तार कुठी आहे, बाबा?"

"टेबलावर राहिली. उद्या आनतो."

लुबाबाईचा हात ट्रंकेत होता तिथेच थांबला. मधुसूदनने आईकडे पाहिले. ती मान वर करीना. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. जेवायला आला, खाली मान घालून जेवला आणि झोपला.

"तू हे काय केलंस?" लुबाबाईने मग रशियनमध्ये विचारले. गंभीर बोलायचे असले की ती आपल्या भाषेत जाई.

"त्याले थांबवलं. तुले तेच पाहिजे ना?"

"मला तो जिवंत पाहिजे. पण आयुष्यभर तो त्या तारेची वाट पाहील, तसाही नको."

"सांगन मी त्याले. गाडी जाऊ दे उद्याची, मंग सांगतो."

गुरुवारी रुपरावची पहिलीच पाळी होती. बॉयलरवर पाइप फुटला आणि तो तासभर उशिरा सुटला. घरी आला तेव्हा तीनला दहा मिनिटे कमी होती. ट्रंक जागेवर नव्हती. लुबाबाई ट्रंकेच्या रिकाम्या जागेशेजारी जमिनीवर बसली होती.

"कुठी गेला?"

"ठेसनवर. वसाहतीतल्या मेश्रामच्या जीपनं."

"पासपोर्ट?"

"मी देला."

रुपरावला क्षणभर कळेना की ओरडावे की बसावे. "तू? तुले समजते ना त्याचं काय होईन?"

"त्यानं मले इचारलं, आई, तार खरी आहे? मी नाई म्हनलं. अठरा साल मी त्याच्याशी खोटं नाई बोलली. मंग त्यानं इचारलं, मंग बाबा काहून म्हनते? मी म्हनलं, ते बाबानं सांगाचं." ती उठली. तिच्या डोळ्यांखाली काळे पडले होते. "नाव तू ठेवलं, रुप. मी म्हनलं होतं तवा, ती वही साखरेची नाई. तू जा. तू सांग. मी सांगतलं तं तो मले म्हनन, तू बाबाची चुगली करून राहिली. आन् जान्या येन्याचं त्याले ठरवू दे. तिथं तं कोनी इचारतच नाई. तू तरी इचार."

रुपरावने स्कूटर काढली. कोळशाच्या ट्रकांमागून, राखेच्या धुळीतून तो निघाला. मानकापूरच्या फाटकात पाच मिनिटे गेली. सदरला बैलगाड्यांनी रस्ता अडवला होता. स्टेशनच्या आवारात शिरला तेव्हा घड्याळ चारला दोन मिनिटे कमी दाखवत होते. प्लॅटफॉर्म तिकिटाच्या खिडकीशी रांग होती. तो तिकीट न काढताच आत घुसला.

गाडी उभी होती. मधुसूदन तिसऱ्या डब्यात सापडला, खिडकीशी, पायाखाली ट्रंक. समोर कामठीच्या लष्करी छावणीतून सुट्टीवर निघालेला एक हवालदार खाकी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"मधू, उतर."

"नाई."

"मी सांगतो तुले सगळं. उतर पैले."

"काल सांगाचं होतं. तुमी जा बाबा, गाडी सुटते."

शिटी झाली. रुपरावने ट्रंकेच्या कडीला हात घातला. मधुसूदनने ट्रंकेवर पाय दाबून धरला. डब्यातली माणसे बघू लागली. गाडी हलली, प्लॅटफॉर्मचे खांब मागे जाऊ लागले, आणि रुपराव कडी धरून तसाच उभा राहिला.

"आप भी चल रहे हैं क्या?" हवालदाराने विचारले.

"आमल्यापर्यंत," रुपराव म्हणाला. तो पहिला थांबा होता. तिथवर जेमतेम तीन तास.

गोधनी मागे पडेपर्यंत त्याला सुरुवात सापडली नाही. मग त्याने शेवटापासून सुरुवात केली. खिशातले तमाराचे पत्र काढून पोराच्या हातात दिले. मधुसूदन आईकडून रशियन शिकला होता, पण हाताचे लिहिलेले त्याला सावकाश वाचावे लागे. तो वाचत असताना रुपराव त्याचे ओठ बघत होता. कोल्याच्या ओळीवर ते थांबले.

"हा कोल्या कोन?"

"शेजारच्या बाईचा. तुह्याच वयाचा असंल. एखादं साल मोठा."

"तोंड काहून नाई पाहू देलं?"

"पेटी झाळून पाठवतात. उघडाले मनाई असते."

हवालदाराला मराठी कळत होती. "बेटा, फ़ौज बुरी चीज़ नहीं है," तो म्हणाला. "दो-चार साल में आदमी बन जाता है। हमारे यहाँ तो लड़के को दौड़ाकर, तौलकर वापस भेज देते हैं।" मग त्याने रुपरावला विचारले, "लड़ाई किधर की है?"

"अफ़गानिस्तान।"

हवालदाराने पिशवी वर टाकली आणि सरकून रुपरावला बसायला जागा केली.

रुपरावने सांगायला घेतले. नोंदणी, अठरा वर्षे, शरदातले बोलावणे, दोन वर्षांची मुदत, विद्यार्थ्यांची सूट आणि ती का लागणार नाही. मधुसूदन मधे मधे विचारत होता आणि त्याचे प्रश्न नेमके होते. सगळ्यांनाच दक्षिणेत पाठवतात काय? नाही, सगळ्यांना नाही. मग कोणाला पाठवतात? ते आधी सांगत नाहीत. दोन वर्षांनंतर मेडिकलला घेतात काय? घेतात, लष्करातून आलेल्याला आधी घेतात.

"मंग दोन सालच ना," मधुसूदन म्हणाला. "दोन साल काढतो. डॉक्टर तं होतो. इथं राहून काय होऊ? तीन गुणानं गेला म्हणून समदे नाव ठेवून राहिले."

रुपरावला याच वाक्याची भीती होती. पोरगा हट्टाने जाऊही शकतो, हे त्याच्या लक्षात होते. काटोल मागे पडले. आता एकच गोष्ट सांगायची उरली होती. ती न सांगताही अजून दोन तास काढता आले असते.

"त्याईच्या वहीत तुहं नाव असंच नाई राहिलं," तो म्हणाला. "मी ठेवलं."

मधुसूदनने खिडकीवरचा हात काढला.

रुपरावने एक खोली, पाच माणसे, नऊ चौरस मीटर, सगळे सांगितले. व्यवस्थापक बाईला काय नेऊन दिले तेही. आईने तेव्हाच हटकले होते, हेही वगळले नाही. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की चाकांच्या खडखडाटात पोराला पुढे वाकावे लागले. हवालदार मुद्दाम बाहेर बघत होता.

"एका खोलीसाठी," मधुसूदन म्हणाला.

"हाव. मले वाटलं, नावानं काय होते. तू दीड सालाचा होता."

"आन् काल तार कायले बनवली?"

"तुले सांगाचं म्हनजे हे सांगा लागत होतं."

मधुसूदन मागे टेकला. पांढुर्णा आले, गेले. त्याने पत्र पुन्हा उघडले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. आजी खिडकीत बसते त्या ओळीवर त्याने अंगठा ठेवला होता. रुपरावने त्याला काही समजावले नाही. समजावायला लागलो तर पोरगा जाईल, एवढे त्याला आता कळले होते.

"जायाचं असंल तं जा," तो एकदा म्हणाला. "तुही आई म्हनली, इचार म्हणून. मी इचारून राहिलो."

मधुसूदन पत्राची घडी घालू लागला.

आमला आले तेव्हा उजेड उतरत होता. गाडी थांबल्यावर माणसे चहाला खाली गेली. मधुसूदन जागचा हलला नाही. मिनिट गेले, दुसरे गेले. रुपराव उठून दारापर्यंत गेला, पायरीवर उभा राहिला, मग प्लॅटफॉर्मवर उतरला. मागे वळून बघायचे नाही, असे त्याने ठरवले आणि ते त्याला जमले नाही.

मधुसूदन ट्रंक ओढत दारापाशी आला होता. हवालदाराने दुसऱ्या बाजूने कडी धरली होती. दोघांनी ती खाली उतरवली. रुपराव हात लावायला पुढे झाला.

"राहू द्या," मधुसूदन म्हणाला.

गाडी गेली. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर साडेआठला होती, आणि तिला उशीर असल्याचे फळ्यावर खडूने लिहिले होते. रुपराव बाकावर बसला. मधुसूदन बाकावर बसला नाही, ट्रंकेवर बसला, चार हात दूर.

"तो सोडाचा अर्ज," त्याने विचारले, "त्याच्यात काय लिहा लागते?"

"आनंदरावले ठाऊक आहे. मी उद्याच जाऊन लिहून आनतो."

"तुमी नका लिहू," मधुसूदन म्हणाला. "मी लिहितो."